ताटाकडे कोण पाहतो?

१९७४ साली अमेरिकेतील अलाबामाचे डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी एक अप्रिय गोष्ट लिहिली: रुग्ण इस्पितळात राहून कुपोषित होतात. आज एका तपासणीसाठी उपाशी, उद्या दुसरीसाठी. मधल्या वेळात ग्लुकोज-सलाईन. त्यात पाणी, साखर, मीठ असते, जीवनसत्त्वे नसतात.

शरीरातील ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो आटलेल्या रुग्णाला नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरलेही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. ब-१चे इंजेक्शन तर अगदी स्वस्त!

मग दोष कुणाचा? सर्जनने शस्त्रक्रिया चोख केली. सिस्टरने सलाईन वेळेवर लावले. वॉर्डबॉयने ताट आणले, तासाभराने भरलेलेच उचलून नेले. ज्याने त्याने आपले काम केले आणि माणूस खंगत गेला. कायद्याला इथे गुन्हेगार सापडणे कठीण. परंतु मिस्साच्या आरंभी आपण, बंधुभगिनींनो, केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ‘ते माझे काम नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आपणही आजाऱ्याला भेटायला जातो. डॉक्टर काय म्हणाले, बिल किती झाले, सारे विचारतो. सफरचंदे ठेवतो (ती बहुधा पाहुणेच खातात). काल तो किती जेवला, दाखल झाल्यापासून त्याचे वजन कुणी केले का, हे विचारायला डॉक्टरकी लागत नाही.