अस्सल, नक्कल आणि उत्तरदायित्व

यवतमाळात मैदानावर मांडव घालून गृहसजावटीच्या वस्तूंची प्रदर्शने भरतात. अशाच एका प्रदर्शनात मी स्वतंत्र आकृतिबंधाची वस्तू शोधत हिंडत होतो. बहुतेक दालनांत वारली चित्रे छापलेले उशांचे अभ्रे होते. एका ठिकाणी मात्र आरसे आणि कवड्या लावलेले बंजारा भरतकामाचे कापड टांगलेले दिसले. ‘हे ओरिजिनल आहे का?’ असे मी विचारले. ‘हा एकच नग उरलाय,’ असे उत्तर मिळाले. उत्तर चुकले असे तेव्हा वाटले. वस्तुतः प्रश्नच चुकला होता.

‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे शब्द मराठीत अरबीतून आले. पहिल्याच्या मुळाशी ‘मूळ, पाया’ हा अर्थ आहे. दुसऱ्याच्या मुळाशी ‘एका जागेवरून दुसरीकडे नेणे’ हा अर्थ. म्हणजे या जोडीत आधी कोण आणि नंतर कोण हा कालाचा भेद प्रधान नाही. रुजलेले असणे आणि उचलून नेलेले असणे हा भेद प्रधान आहे. ‘पूर्वी कधी न झालेले’ हे स्वच्छंदतावादी लक्षण आपण ‘अस्सल’वर मागाहून लादले.

या भेदाची कसोटी वारली चित्रावरच घेता येईल. लग्नप्रसंगी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. पिढ्यान्‌पिढ्या चौक तोच. तरीही प्रत्येक चौक अस्सल असतो, कारण तो त्याच लग्नासाठी लिहिलेला असतो. येथे पुनरावृत्ती हा दोष नसून कर्तव्य आहे. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वाल्टर बेन्यामिनने 1936 च्या निबंधात मांडले. त्यानुसार छापील अभ्र्याचा निकाल लगेच लागतो; पण प्रश्न संपत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात हीच रेषा कागदावर आणि कापडावर आणली. स्त्रियांच्या विधीतील चित्र पुरुषाच्या हाती आले, लग्नाची भिंत सुटली. स्थलांतर येथेही घडलेच. तरी 2011 साली पद्मश्रीने गौरविलेल्या या चित्रकाराच्या कामाला आपण नक्कल म्हणत नाही. का? कारण काय सोडले, काय बरोबर आणले आणि का, याचे उत्तर देणारा माणूस त्या रेषेमागे उभा होता. अभ्र्यावरच्या तारपा नाचामागे असे कोणी नाही.

तेव्हा अस्सलतेचा निकष जन्मस्थान नसून उत्तरदायित्व आहे, असे म्हणावे लागते. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक निर्देशन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते, ते आवश्यकही आहे. परंतु आकृतीची जबाबदारी कोणावर, हे कायदा ठरवू शकत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मराठी समीक्षेत रुजलेपणाला मूल्याचे स्थान दिले. मात्र रुजलेपण म्हणजे केवळ माती, असा अर्थ घेतला तर म्हसे यांचा कॅनव्हास आणि प्रवास केलेले सर्वच वाङ्मय बाद ठरेल. आपली माती सोडल्यावरही तिच्याशी बांधील राहता येते, आणि मातीत राहूनही तिचा केवळ माल करता येतो.

ही कसोटी ग्राहकाला आणि समीक्षकालाही लागू पडते. आपण कृतीला ‘नवे काय?’ असे विचारतो; ‘ही कोणाला बांधील?’ असे क्वचितच. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा तांडे आहेत, म्हणजे याच जिल्ह्यात. ते कापड तिथले की दुरून आलेले, कोणी भरले, त्याचे तिला किती मिळाले, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. अस्सल असल्याची खात्री नाही म्हणून मी कापड परत टांगले. हा निर्णय मी सौंदर्यदृष्टीचा समजलो. ते भरणारी बाई त्यात कोठेच नव्हती.