बॅटऱ्या दोन, कृपा एकच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या कार्तिकी पायी वारीतला प्रसंग. बेळगावहून निघालेली आपली दिंडी मिरजेच्या अलीकडे मुक्कामाला होती. सामानाच्या टेम्पोच्या बॅटरीवरच अँप्लिफायर, चार दिवे आणि सगळ्यांचे मोबाईल लावलेले. रात्री अकराला चालकदादा म्हणाला, "काका, बंद करूया का? बॅटरी उतरंल." मी म्हटलं, "अरे, नामाला खंड नको. चालू दे!" भजन दोनपर्यंत रंगलं.

पहाटे चारला एका वयस्कर माऊलींच्या छातीत कळ आली. त्यांना टेम्पोत निजवलं, चावी फिरवली, तर नुसतं 'टक्'. वीस जणांनी ढकलून गाडी सुरू करेपर्यंत वीस मिनिटं गेली. माऊली वाचल्या, ही गुरुकृपा. पण ती वीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. टेम्पो नामामुळे बंद पडला नव्हता, माझ्या हट्टामुळे पडला होता.

परत आल्यावर वायरमनने टेम्पोत दुसरी बॅटरी बसवली. तो म्हणाला, "काका, पहिली बॅटरी इंजिन उठवायला. क्षणभर जोर लावायचा आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिला रात्रभर पिळू नका. दिवे-माईकला ही दुसरी, डीप सायकलची, सावकाश उतरणारी."

भरलेली 12 व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.7 दाखवते. 12 च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी समजायची. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर 14 च्या आसपास देतो. दोन बॅटऱ्यांच्या मधे एक रिले असतो. पहिलीकडचा दाब साधारण 13.3 च्या वर गेला की तो दुसरीला जोडून घेतो. इंजिन थांबून दाब 12.8 च्या आसपास उतरला की दोघींना वेगळं करतो. तार जाड हवी आणि तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जवळ, फ्यूज हवाच. बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर दाब स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर लावतात.

तो तारा जोडत होता आणि मला माझंच घर दिसत होतं. दिवसभर मंडळाची सेवा, प्रवचन, फोन, लोकांच्या अडचणी. बाहेर सगळ्यांशी गोड, आणि रात्री घरी आल्यावर पत्नीच्या साध्या प्रश्नावर मी खेकसायचो. तेव्हा वाटायचं, थकवा आहे. थकवा नव्हता, पहिली बॅटरी उतरलेली होती. जप राहिला होता कुठे? "सेवा हाच जप," असं सांगून मी तो कधीच सोडून दिला होता.

कोणी विचारेल, आधी स्वतःचं भरायचं, हा स्वार्थ नाही का? नाही, बाबांनो. संकटाच्या पहाटे जो स्वतःच उठू शकत नाही, तो दुसऱ्याला दवाखान्यात कसा नेणार? आणि रिले नीट बघा. पहिली सावरली की तो लगेच दुसरीला हात देतो, अडवून धरत नाही. दुसरी बॅटरी कायमची तोडून ठेवली तर तीही पडून-पडून खराब होते. म्हणजे नुसता जप करून दार लावून बसणं हेही चूकच. कधी जोडायचं आणि कधी थांबायचं, हे ओळखणारा विवेक हवा.

दोन्ही बॅटऱ्यांना भरणारा अल्टरनेटर मात्र एकच. साधनेची शक्ती आणि सेवेची शक्ती, दोन्ही सद्गुरूंचीच. आणि तो फिरतो इंजिन चालू असेल तरच. आपली वाटचाल थांबली की कृपा असूनही भरणं थांबतं.

या आठवड्याचा नेम साधा आहे: पहाटे मोबाईल हातात घेण्याआधी एक माळ. आणि रात्री कोणी प्रेमानं "आता बंद करूया का?" म्हणालं, तर त्याचं ऐकायचं.

यंदाच्या वारीत त्याच गावी भजन झालं. दीडच्या सुमारास दिवे मंद झाले, तसं आम्ही थांबलो. पहाटे मी स्वतः चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात टेम्पो सुरू झाला. गेल्या वर्षीच्या माऊली शेजारीच उभ्या होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "चला, उशीर नको."

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥