घाई कुणाची?

गोधडी शिवायला बसलेल्या बाईला येणारे-जाणारे एक प्रश्न हमखास विचारतात: "कधी पुरी होणार?" काठ कुणाच्या पातळाचा, आत काय भरलंय, हे रंग कुठे मिळाले, ही चौकशी नंतरची. विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण त्या प्रश्नाने शिवणारीच्या हातात नकळत घाई शिरते. टाके लांबतात, ओळी वाकड्या होतात आणि ज्यासाठी हौसेने दुपार मोकळी केली तेच काम उरकायचं ओझं होऊन बसतं. म्हणून आज या प्रश्नाचाच थोडा विचार करू. गोधडी सवडीने, आनंदासाठी शिवावी की झटपट हातावेगळी करावी?

आधी साधा हिशेब मांडू. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी घेतली आणि धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून इंचभर अंतरावर ठेवल्या, तर सहा फुटी 48 ओळी होतात. म्हणजे 288 फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर दहा हजारांहून जास्त टाके, तेही चार-पाच थरांतून सुई आरपार काढत. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण किती मोठं काम हाती घेतलंय हे माहीत असलं, की दोन दिवसांत ते झालं नाही म्हणून स्वतःवर चिडावंसं वाटत नाही. याच हिशेबात लवकर पुरं करण्याची वाटही आहे. ओळींमधलं अंतर दोन इंच केलं की काम निम्म्यावर येतं. गोधडी थोडी मऊ, सैल होते. मात्र वरचेवर धुतली तर आतलं कापड गोळा होण्याची शक्यता वाढते. काय मिळवायचं आणि काय सोडायचं, हे शिवणारीने आपलं आपण ठरवायचं असतं.

आपल्याकडे पूर्वी हे ठरवायला ऋतू मदत करायचा. रब्बीची पिकं घरात आली, की शेतातली कामं जरा हलकी होत. चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात जुनी पातळं धुऊन वाळवायची आणि ओटीवर नाहीतर मांडवाखाली पसरायची. खाली एक नऊवारी, त्यावर विरलेली धोतरं, परकर, चादरी सुरकुती न ठेवता लावायच्या, वरून दुसरं पातळ. कडांवर दगड नाहीतर वरवंटा ठेवून ताण द्यायचा. लांब लांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून फेऱ्या घेत आत आत यायचं. पापड, कुरडया, लोणची यांच्या जोडीने गोधडी हीदेखील पावसाळ्याची बेगमी होती. मृग लागण्याच्या आत ती घडी होऊन कोनाड्यात गेली पाहिजे, कारण पावसात जाड कापड वाळत नाही आणि पेरणी सुरू झाली की हातही मोकळे राहत नाहीत. त्या बाया भरभर शिवत. तरी त्या घाईत शेजारणींचं बोलणं होतं, दुपारच्या चहाला थांबणं होतं, "हे तुझ्या लग्नातलं पातळ ना गं?" म्हणून कापडावर हात फिरवणं होतं. वेग आणि आनंद तिथे एकाच ओटीवर नांदत होते.

बाळाच्या गोधडीचंही असंच. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवू नये, असं पुष्कळ घरांत अजून मानतात. त्यामुळे बाळ घरी आलं, की बारशाच्या आत त्याची लहानशी गोधडी तयार करायची असते. तीन फूट बाय दोन फूट, म्हणजे मोठ्या गोधडीचा चौथा हिस्सा. आजी डोळ्यांवर चष्मा चढवून बसते, सगळ्यांत मऊ झालेलं सुती लुगडं काढते, बाळाच्या अंगाला गाठ टोचू नये म्हणून दोऱ्याचं टोक थरांच्या मध्ये दडवते. तिलाही घाई असते. पण ती त्या बाळाची घाई असते, म्हणून तिचा शीण येत नाही.

मला वाटतं, सगळा फरक इथे आहे. कामातूनच उगवलेली घाई हाताला बळ देते. पाऊस येतोय, बाळ आलंय, थंडीत कुणाला तरी पांघरूण नाही, या कारणांनी माणूस रात्र जागून शिवतो आणि समाधानाने झोपतो. बाहेरून उसनी आणलेली घाई मात्र थकवते. कुणीतरी महिन्यात दोन पुऱ्या केल्या, मग माझी एकही का नाही? क्लासमधल्या सगळ्यांची झाली, माझीच राहिली. अशी घाई गोधडीला नको असते आणि ती पांघरणाऱ्यालाही नको असते.

पोटासाठी शिवणाऱ्या बायांची घाई मी उसनी म्हणणार नाही. घरोघर जाऊन, "गोधड्या शिवायच्यात का?" असं विचारत हिंडणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. त्यांना मजुरी नगावर मिळते. एक गोधडी लवकर झाली तर दुसरी हाती घेता येते आणि त्यावर संध्याकाळची चूल अवलंबून असते. त्यांचा सरसर चालणारा हात हे कसब आहे. सावकाशीचं कौतुक करताना या हातांना कमी लेखू नये.

एकाच हाताला दोन्ही चाली कशा साधतात, याचं एक उदाहरण दूर अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात वसलेल्या गीज बेंड या वस्तीत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांचे वंशज राहतात. तिथल्या बायका झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवत आल्या, कारण लाकडी घरांत थंडी शिरायची. 1966 साली त्या भागातल्या बायकांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि न्यूयॉर्कच्या दुकानांतून मागण्या येऊ लागल्या. मागणीचं काम म्हणजे ठरलेलं माप, ठरलेला नमुना, ठरलेली तारीख. पुढे 1972 मध्ये सिअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉय कापडाचे उशांचे अभ्रे शिवण्याचं कामही मिळालं. त्या कामाने कष्टाचे रोख पैसे हातात आले आणि ती मोठीच गोष्ट होती. पण त्या अभ्र्यांच्या कापडाचे उरलेले तुकडे बायका घरी नेत आणि त्यातून आपल्या मनाच्या गोधड्या शिवत. तिथे नमुना नव्हता, तारीख नव्हती. पट्टी तिरपी गेली तर तिरपीच राहायची, रंग संपला तर हाताशी असेल तो लागायचा. गीज बेंडच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. जगाने ज्यांना कला म्हटलं, त्या गोधड्या आधी घराच्या उबेसाठी आणि शिवणारीच्या स्वतःच्या मर्जीने झाल्या होत्या.

आनंद आनंद म्हणतो तो या कामात नेमका कुठे असतो? सुई हातात धरून बघितलं तर कळतं. डावा हात गोधडीच्या खाली असतो. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं, की थर पार झाला हे समजतं. तिथून ती पुन्हा वर वळवायची. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा एकदम ओढायचा. दोरा कापडातून सरकताना बारीक सर्र आवाज होतो, कापड किंचित आवळतं आणि टाक्यांच्या दोन्ही बाजूंना हलकी फुगवटी उठते. हात लागला, की एक लय येते. त्या लयीत डोकं शांत होतं. इथेही घाई आपली परीक्षा घेते. पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून लांबच लांब दोरा घेतला, की त्याला पीळ बसतो, गाठी पडतात आणि सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. हातभर दोरा संपला की थांबायचं, मान मोकळी करायची, ओवायचं, पुढे जायचं. विसावा कामातच शिवलेला असतो.

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका अशाच गोधड्या शिवतात. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांतले पुष्कळ पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. त्यांच्या घरात आज कोंकणी बोलली जाते. त्यांच्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून, एकेक तुकडा लावत, धावदोऱ्याने फिरत फिरत त्या मध्यापर्यंत येतात. गोधडीच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' बसवतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली, पुरी झालीच नाही, असं त्या मानतात. फुलांनी ऊब काही वाढत नाही. नुसतं लवकर संपवायचं असतं तर ती कधीच गळून गेली असती. आपल्या मनाची खूण पटावी म्हणून घेतलेला तो जास्तीचा वेळ आहे.

हल्ली याच्या उलट एक दडपणही दिसतं. हाताने शिवलं तरच खरं, मशीनवर मारली तर ती कसली गोधडी, असं सहज बोललं जातं. हेही उसनंच ओझं. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सांभाळून जिला आठवड्यात दोन तास मिळतात, तिने तुकडे मशीनवर जोडले आणि धावदोरा तेवढा हाताने घातला, तर काय बिघडलं? सगळीच मशीनवर केली तरी पांघरणाऱ्याला ऊब मिळतेच. जिची बोटं संधिवाताने दुखतात, तिने दिवसाला एकच ओळ घातली तरी ती गोधडी पुढेच चाललेली आहे.

आणि राहिली अर्धी तर राहू द्यावी. भिजवलेली कणीक थांबत नाही, गोधडी थांबते. घडी करून, सुई काढून, कापडात कडुलिंबाचा पाला घालून ठेवली तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नीट राहते. घातलेले टाके जागचे हलत नाहीत. कपाटातल्या त्या गाठोड्याकडे बघून मन खाण्याचं काही कारण नाही. ते अपयश नव्हे, ते अजून चालू असलेलं काम आहे. आणि ती पुरी करावीशी वाटतच नसेल, तर ज्या शेजारणीला शिवायची हौस आहे तिला मोकळ्या मनाने द्यावी.

तेव्हा आज इतकंच मनाशी धरू. सुईत दोरा ओवण्याआधी स्वतःला विचारावं, ही कुणाला हवी आहे आणि केव्हा हवी आहे? उत्तर आलं, तर त्या माणसाच्या वेळेला पोचेल अशा बेताने माप घ्यावं, ओळी ठरवाव्यात, लागलं तर मशीनही काढावं आणि मन लावून वेगाने शिवावं. कुणीच वाट पाहत नसेल, तर तो वेळ सर्वस्वी आपला आहे. तो संकोच न करता घ्यावा. आणि कुणी पुन्हा विचारलंच, "कधी पुरी होणार?", तर हसून म्हणावं, "बसा ना जरा. एक सुई तुम्हीही घ्या."