एका पिशवीचा हिशेब

'सार्वजनिक' हा शब्द मोठा लबाड आहे. हक्क सांगायच्या वेळी त्याचा अर्थ 'माझे' असा होतो आणि जबाबदारी घ्यायच्या वेळी 'कुणाचेच नाही' असा! याची प्रचीती हवी असेल तर वाचकांनी एखाद्या संध्याकाळी मुंबईत माहीमच्या रेतीबंदरावर जावे.

तिथे बसायला जागा आहे, मोकळा वारा आहे, समोर २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आहे. उजव्या हाताला मिठी नदी समुद्राला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून ती जन्मते आणि जेमतेम १८ किलोमीटरांत तिची वाट संपते. गोदा-कृष्णेच्या मानाने ही अंगणातली पोरच! पण एवढ्याशा वाटेत शहराचे सांडपाणी, कारखान्यांचा मळ आणि प्लास्टिक पदरात घेऊन ती सागराला मिठी मारते. सागरही हिशेबाचा पक्का. दिवसातून दोनदा भरती येते आणि त्यातले पुष्कळसे वाळूवर परत आणून टाकते.

तिथेच माझ्या परिचयाचे एक सद्गृहस्थ निर्माल्याची पिशवी घेऊन आलेले भेटले. माझी नजर पिशवीकडे गेलेली पाहून ते हसून म्हणाले, "मास्तर, एवढ्या मोठ्या समुद्रात एका पिशवीने काय होणार?"

प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्यांची पिशवी नसती तरी किनारा तसूभरही स्वच्छ दिसला नसता. मग दोष कशात?

मला वाटते, चूक भागाकारात आहे. दोषाला आपण माणसांच्या संख्येने भागतो. कोटीभर माणसे, म्हणजे माझ्या वाट्याला शून्य! पण वर्गातली चाळीस मुले मिळून एकाला मारतात तेव्हा एकच चापट मारणाऱ्याला मी निर्दोष म्हणून सोडत नाही. चापट लहान असेल, पण ती त्याचीच. आणि मार खाणाऱ्याच्या अंगावर भागाकार उमटत नाही, बेरीज उमटते.

इथे ती कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. गाळाने, कचऱ्याने आणि भरावाने आवळलेली मिठी काठच्या घराघरांत शिरली, तेव्हाही ती बेरीजच होती. काठावरच्या ज्या झोपडीला गटारच नाही, तिचे सांडपाणी नदीत जाते ते निरुपायाने. आपली पिशवी जाते ती सवयीने. दोघांना एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे.

याच खाडीवर दुसराही एक हिशेब मांडलेला आहे. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता बांधायला सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी जमशेटजींनी दीड लाखाहून अधिक रुपये पदरचे दिले. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, एवढीच त्यांची अट होती. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ त्या बाईंना बरोबर कळला होता.

आपल्यापाशी लाख रुपये नसतील. पण निर्माल्य तुळशीच्या कुंडीतल्या मातीलाही चालते. त्याने किनारा स्वच्छ होणार नाही, हे मान्य. मात्र तो घाण करणाऱ्यांत मी आहे की नाही, हा प्रश्न समुद्राचा नाही, माझा आहे.

दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवताना 'एवढ्या अंधारात एका पणतीने काय होणार?' असे कुणी विचारत नाही. पुण्य मोजायचे एकेकाच्या नावावर आणि पाप मात्र वाटून टाकायचे सगळ्यांत, हे कोणत्या गणितात बसते?