ठेक्याला कुलूप लागलं, घराचं काय?



मागच्या सत्संगानंतर चपला घालता घालता एका भगिनीने आम्हाला थांबवलं. "ताई, अहाते बंद व्हावे म्हणून आपणच म्हणत होतो ना? झाले बंद. आता आमच्या घरचे घरीच बाटली घेऊन बसतात. पोरगा समोर अभ्यास करून राहिला असतो. सांगा, बरं झालं का वाईट?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. तिला विचारून, नाव न घेता हे लिहीत आहोत.

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा, बंद झाल्या. शाळा-मंदिरापासून दुकानाचं अंतर ५० मीटरचं १०० मीटर झालं. मग १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणची दुकानंच बंद केली. त्यात उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आहे, तसं आपल्या शेजारचं मुलताईही आहे, तापीमाईचं उगमस्थान. पांढुर्णा, सौंसर त्यात नाही.

आता विचार करा. मुलताईत जे वाईट, ते पांढुर्ण्यात आलं की चांगलं होतं का? रात्री शटर पडायच्या पाच मिनिटं आधी घेतलेली बाटली चालते आणि पाच मिनिटांनी नाही, असं पाप-पुण्य घड्याळावर चालतं का? नाही. कायदा विकणाऱ्याची वेळ ठरवतो, पिणाऱ्याचं मन ठरवत नाही. शिवाय सरकारने दिलेलं सरकारच काढून घेऊ शकतं. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली.

मग कायदा फुकटचा का? तसंही नाही. मजुरीचे पैसे खिशात घेऊन निघालेल्या माणसाला दुकान वाटेतच न दिसणं, रात्री शटर बंद मिळणं, यात थोडा वेळ जातो. त्या थोड्या वेळात कधी लेकरू आठवतं, कधी नाम आठवतं. कायदा माणसाला सुधारत नाही, पण क्षणभर थांबवतो. विवेकाला तेवढी फट पुरते. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज आपल्याच विदर्भात गावोगाव व्यसन सोडा म्हणून फिरले. त्यांच्या हाती कायदा नव्हता. एकाच्या हाती खराटा, दुसऱ्याच्या हाती खंजिरी. ते थेट मनाशीच बोलले.

आता आपलं बोलू. बाटली घरात आली तेव्हा कांदा कोणी चिरला? शेंगदाणे कोणी भाजून दिले? लग्नात "पाहुण्यांची सोय" मागच्या खोलीत झाली, तेव्हा आपण पाहून न पाहिल्यासारखं केलं ना? आम्हीही केलं आहे. आम्ही पीत नाही, एवढ्यावरच समाधान मानत होतो.

जिच्या घरी मारहाणीची भीती आहे, तिला हा प्रश्न नाही. तिने गप्प राहणं हे पाप नाही. तिच्या पाठीशी उभं राहणं हे आपलं काम आहे. प्रश्न आपल्यासारख्यांना आहे, ज्यांना भीती नाही, फक्त संकोच आहे.

त्या भगिनीला आज आमचं उत्तर असं: ताई, त्रास वाढला हे खरं. पण अहात्यात जे झाकलं जात होतं, ते आता समोर आहे, आणि समोर असलेल्याशी बोलता येतं. रात्री नाही, सकाळी, शुद्धीत असताना बोला. एकटीला जमत नसेल तर आवाज द्या. संध्याकाळच्या त्याच वेळेला आम्ही दोघी-तिघी तुमच्याकडे नामजपाला येऊन बसू. कोणाला उपदेश करणार नाही.

आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल. या वर्षी आपल्या घरच्या कार्यात "ती सोय" राहणार नाही, एवढं प्रत्येक कुटुंबाने आधीच बसून ठरवावं. मुहूर्ताच्या दिवशी ठरवायला गेलं तर उशीर झालेला असतो.

जय गुरुदेव.