बारदान वजा जाता

घरच्या मैदानावर आपला संघ जिंकला की परतीच्या वाटेवर फुटबॉलचे चाहते दोन गोष्टी एका दमात बोलतात. एक, आज पब्लिकनं सामना खेचून आणला. दोन, आता आपली गाडी रुळावर आली. ही दोन वाक्यं इतक्या सहज एकामागून एक येतात की ती एकमेकांच्या आड येतात हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. सामना पब्लिकनं खेचून आणला असेल, तर गाडी रुळावर आल्याचा पुरावा तेवढ्या प्रमाणात पातळ होतो. पुढच्या शनिवारी संघ परक्या गावी जाणार, आणि हे पब्लिक काही सगळंच्या सगळं त्याच्यासोबत जाणार नाही. धान्याचं पोतं काट्यावर चढवलं की व्यापारी बारदान वजा करतो. चाहता मात्र बारदानासकट वजन सांगतो, वर बारदान आपणच विणलंय म्हणून मिरवतोही.

घरच्या संघाला फायदा असतो, ही काही भाबडी समजूत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा कुठलाही सर्वसाधारण हंगाम घ्या, शंभरातले पंचेचाळीसच्या आसपास सामने यजमान जिंकतात, तीसच्या आतबाहेर पाहुणे, उरलेले बरोबरीत सुटतात. इतर देशांतही कमीअधिक हेच. प्रश्न एवढाच की हा फायदा येतो कुठून. प्रवासाचा शीण म्हणावा, तर इंग्लंडमधले बरेचसे प्रवास बसमधल्या काही तासांचे, आणि ती बस आपल्याकडच्या चांगल्या लग्नाच्या हॉलपेक्षा आरामशीर. मैदानाची सवय म्हणावी, तर मोठ्या लीगमधली मैदानं आता मापाला आणि गवताला जवळपास सारखीच. उरलं पब्लिक. पण पब्लिक, प्रवास आणि सवय ही तिन्ही नेहमी एकत्रच येतात. त्यांना वेगवेगळं तोलायचं कसं?

इटलीत त्याची आयती सोय आहे. मिलान शहरात एसी मिलान आणि इंटर हे दोन्ही क्लब वर्षानुवर्षं सान सिरो या एकाच स्टेडियममध्ये खेळत आले. एकमेकांशी गाठ पडली की कागदावर एक यजमान असतो, दुसरा पाहुणा. प्रवास दोघांनाही नाही, गवत दोघांच्याही ओळखीचं. बदलतं फक्त पब्लिक, कारण हंगामाची तिकिटं काढून बसलेले बहुतेक लोक कागदावरच्या यजमानाचे असतात. मिकेला पॉन्झो आणि विन्चेन्झो स्कोप्पा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इटलीतल्या अशा एकाच स्टेडियममधल्या लढतींचा अभ्यास केला. नुसता कागदावरचा यजमानही फायद्यात राहतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे पब्लिकचा वाटा आहे, आणि तो खरा आहे.

कोल्हापुरात तर सगळी लीगच एका मैदानावर चालते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, सगळ्यांचं घर राजर्षी शाहू स्टेडियम. पाहुणा कुणीच नाही, आणि दोन्ही पेठा चालत येऊन बसतात. पेठेच्या चौकात रात्री रंगणाऱ्या चर्चेत पब्लिकला श्रेय मिळतं ते मिळतंच, पण समोरच्या पेठेचं पब्लिकही तेवढंच गळा फाडत होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथल्या विजयातून घरचं म्हणून वजा करावं असं फारसं काही उरत नाही. इंग्लंडमधल्या चाहत्यापेक्षा कोल्हापूरच्या चाहत्याचं वजन अधिक खरं, असं मला वाटतं ते यामुळे.

आता पब्लिक नेमकं करतं काय? आपल्या आवाजानं पोरांच्या अंगात बळ येतं, हे चाहत्याचं उत्तर. ते असेलही. पण ज्या ठिकाणी आवाजाचा परिणाम स्पष्ट मोजता आला ते ठिकाण जरा अडचणीचं आहे : पंचाची शिटी. अ‍ॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यात झालेल्या एका सामन्याची चित्रफीत घेतली, तिच्यातल्या ४७ झटापटी निवडल्या आणि ४० प्रशिक्षित पंचांना दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. गंमत अशी की त्यांनी पाहुण्यांवर जास्त शिट्ट्या फुंकल्या नाहीत. पब्लिकच्या गोंगाटानं पंच पाहुण्यांना शिक्षा करत सुटत नाही. यजमानांना माफ करतो. फुंकावी की नको या क्षणभराच्या संभ्रमात शिटी ओठांशीच राहते. स्पेनमधल्या सामन्यांच्या अभ्यासातही असंच काहीसं दिसलं. अटीतटीच्या सामन्यात यजमान पिछाडीवर असले की पंच भरपाईचा वेळ जास्त देतात, आघाडीवर असले की कमी. ही लबाडी नव्हे. हजारो माणसं एकदम ओरडली की आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दलही माणसाला शंका येते.

म्हणजे चाहत्याचं पहिलं वाक्य खरं ठरतं, पण त्याला आवडेल अशा रीतीनं नाही.

अर्थात, सगळंच पंचावर ढकलणंही चूक. ७ मे २०१९ च्या रात्री अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलनं बार्सिलोनाला ४-० हरवलं. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, पहिल्या सामन्यातली ०-३ ची पिछाडी, सलाह आणि फिर्मिनो दोघंही दुखापतीमुळे बाहेर. ओरिगी आणि वाइनाल्डमचे दोन-दोन गोल, आणि त्यात पंचाची मेहेरबानी म्हणावी असा एकही नाही. चौथा गोल तर मला घरच्या मैदानाचा सर्वांत शुद्ध नमुना वाटतो. ७९ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. चेंडू आणून देणाऱ्या शाळकरी मुलानं क्षणात चेंडू दिला. लिव्हरपूलचा अलेक्झांडर-अर्नोल्ड चेंडूपासून दूर जाऊ लागला, मग गर्रकन वळला आणि बार्सिलोनाचे बचावपटू अजून जागा धरत असतानाच त्यानं चेंडू आत मारला. समोर मोकळा ओरिगी. चेंडू लगेच परत द्यायचा, ही सूचना त्या मुलांना आधीच होती. परक्या मैदानावर तिथला मुलगा चेंडू घेऊन सावकाश चालत आला असता. या विजयाचं श्रेय पब्लिकनं घेतलं, आणि त्या रात्री ते नाकारायला मीही धजावलो नसतो.

पण चाहत्याचं दुसरं वाक्य, गाडी रुळावर आल्याचं, ते तपासायचं तर पब्लिक काढून टाकून पाहायला हवं होतं, आणि तसं करायला कुठलाच क्लब राजी झाला नसता. ते काम २०२० मध्ये महासाथीनं केलं. स्टेडियमं रिकामी झाली, सामने चालू राहिले. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये ३८० सामन्यांपैकी यजमान १४४ जिंकले आणि पाहुणे १५३. इंग्लंडच्या अव्वल लीगच्या एवढ्या लांब इतिहासात पाहुणे वरचढ ठरण्याची ही पहिलीच वेळ.

याचा मोठा फटका अ‍ॅनफिल्डला बसला. एप्रिल २०१७ पासून लीगचे सलग ६८ सामने लिव्हरपूल तिथे हरला नव्हता. २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीनं एका पेनल्टीवर ०-१ अशी ती मालिका तोडली. मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग सहा पराभव. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

इथं हात राखून बोलायला हवं. रिकामं अ‍ॅनफिल्ड म्हणजे हार, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात याच रिकाम्या मैदानावर लिव्हरपूलनं क्रिस्टल पॅलेसला ४-० आणि चेल्सीला ५-३ हरवलं होतं. आणि २०२१ च्या जानेवारीपर्यंत बचावाची मधली फळी दुखापतींनी पार मोडली होती. व्हॅन डाइक ऑक्टोबरपासून बाहेर, गोमेझ नोव्हेंबरपासून. तरी हंगामाचा एकूण हिशेब बोलका आहे. घरी दहा विजय, तीन बरोबऱ्या, सहा पराभव. बाहेर दहा विजय, सहा बरोबऱ्या, तीन पराभव. घरी ३३ गुण, बाहेर ३६. दुखापती तर घरी आणि बाहेर सारख्याच होत्या. काट्यावर त्या हंगामात बारदान जवळपास चढलंच नव्हतं.

आणि म्हणूनच १० एप्रिल २०२१ चा विजय मला त्या हंगामातला सर्वांत मोलाचा वाटतो. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध २-१, घरी. स्पर्सवर डिसेंबरात मिळवलेल्या विजयानंतर घरच्या मैदानावरचा लीगमधला पहिला. स्पर्सच्या त्या सामन्याला निदान दोन हजार माणसं आत होती. व्हिलाच्या वेळी एकही नाही. वॉटकिन्सनं व्हिलाला आघाडी मिळवून दिली. फिर्मिनोचा गोल व्हीएआरनं केसभर ऑफसाइडसाठी काढून घेतला. सलाहनं बरोबरी साधली, आणि नव्वद मिनिटं उलटल्यावर अलेक्झांडर-अर्नोल्डनं पेटीच्या टोकावरून चेंडू कोपऱ्यात ठेवला.

भरलेल्या अ‍ॅनफिल्डवर हाच गोल झाला असता तर काय म्हटलं गेलं असतं, ते सांगायला नको. पण चाहते सगळे घरी, टीव्हीसमोर. आपल्या आवाजानं पंचाला क्षणभर थांबवलं असं म्हणायची सोय नाही. व्हिलाच्या बचावपटूंचे पाय आपल्यामुळे जड झाले, असंही म्हणता येईना. या विजयात चाहत्याचा स्वतःचा वाटा शून्य. त्याला ते बोचलं असणार. स्टेडियमात जाणाऱ्या माणसाला आपण नसताना आपला संघ जिंकतो, ही बातमी तितकीशी गोड लागत नाही. पण याच कारणानं तो विजय संघाबद्दल काही सांगत होता. त्यातून वजा करण्यासारखं काही नव्हतं.

एका सामन्यावर इमारत बांधू नये, हे खरंच. अखेरच्या क्षणीचा गोल पुराव्यापेक्षा नशिबाला जास्त जवळ असतो, आणि लीगमधले पुढचे दोन्ही सामने, लीड्स आणि न्यूकॅसलविरुद्धचे, १-१ असे सुटलेही. ज्यांनी व्हिलाविरुद्धच्या विजयानं हुरळून सगळं ठीक झाल्याचं जाहीर केलं होतं, त्यांना तोंड लपवावं लागलं असेल. पण त्यानंतर मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ४-२. वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर भरपाईच्या वेळात कॉर्नरवर खुद्द गोलरक्षक अ‍ॅलिसननं डोक्यानं मारलेल्या गोलामुळे २-१. आणि १९ मे रोजी बर्नलीत ३-०. प्रेक्षकांना नुकतीच मर्यादित मुभा मिळाली होती आणि आत आलेलं पब्लिक बर्नलीचं होतं. त्यांनीही गळा फाडला असेल. त्याचा उपयोग झाला नाही. लीगच्या शेवटच्या दहा सामन्यांत लिव्हरपूलचे आठ विजय, दोन बरोबऱ्या.

२३ मे रोजी क्रिस्टल पॅलेस अ‍ॅनफिल्डवर आला तेव्हा दहा हजार लोकांना आत सोडलं गेलं. मानेचे दोन गोल, २-०, तिसरं स्थान आणि पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगचा दरवाजा उघडा. संघ चांगला आहे की नाही हा प्रश्न तोवर बाहेरगावी सुटलेला होता. त्यामुळे त्या दुपारचा विजय आपणच खेचून आणला असं त्या दहा हजारांनी म्हटलं असेल, तर म्हणू द्यावं. वर्षभराची गाणी घशात अडकली होती.