धीराला लागणारी भाकरी

व्हिएन्नाच्या आग्नेयेला, ग्रामाटन्यूझीडल या गावाला लागून मारियनथाल नावाची कामगारवस्ती आहे. 1830 साली तिथे कापडगिरणी उभी राहिली आणि पुढची शंभर वर्षे वस्तीचा सगळा संसार त्या गिरणीच्या भोंग्यावर चालला. 1929 च्या उन्हाळ्यापासून एकेक खाते बंद पडू लागले आणि 1930 च्या फेब्रुवारीपर्यंत मागही थांबले. ऑस्ट्रियात 1920 पासून बेकारी विम्याचा कायदा होता. त्यामुळे कामगार लगेच रस्त्यावर आले नाहीत. आधी ठरावीक आठवडे भत्ता मिळे, तो संपला की काही काळ आणखी कमी रकमेचे तातडीचे साहाय्य मिळे, आणि तेही संपले की काहीच नाही. 1931 च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स त्साइझेल आणि त्यांचे सहकारी या वस्तीत आले, तेव्हा तिथल्या 478 कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कुटुंबे अशा साहाय्यावर दिवस काढत होती, आणि एकेका घराची मुदत संपत चालली होती. 1933 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास समाजशास्त्राचे विद्यार्थी आजही वाचतात. मला त्यात एक धार्मिक प्रश्न दिसतो. ज्याला काम नाही आणि आता भत्ताही नाही, अशा माणसाला धर्माने काय सांगावे?

आपल्याकडचे उत्तर तयार असते. धीर धर, आहे त्यात समाधान मान, फळाची आशा न ठेवता कर्तव्य करत राहा. ख्रिस्ती प्रवचनातही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच ऐकू येते. हा उपदेश खोटा नाही. पण तो एक गोष्ट गृहीत धरतो, की धीर हा मनाच्या आतून येणारा गुण आहे आणि बाहेर काहीही झाले तरी तो राखता येतो. राखता आला नाही, तर माणसाची श्रद्धा किंवा साधना कमी पडली. मारियनथालचा पुरावा नेमका या गृहीतकाच्या विरोधात जातो. अभ्यासकांनी घराघरांत जाऊन कुटुंबांची चार गटांत विभागणी केली. काही अजून न खचलेली होती. ती पुढचे बेत करत, काम शोधत. बरीच कुटुंबे मन मारून राहिली होती. त्यांचे घर नीटनेटके, मुलांची काळजी घेतलेली, पण उद्याचा विचार सोडून दिलेला. काही हताश होती. आणि काहींनी हातपाय गाळले होते: घर अस्ताव्यस्त, मुले दुर्लक्षित, कशाचेच काही वाटेनासे झालेले. मग त्यांनी प्रत्येक गटात प्रौढ माणशी महिन्याला किती पैसे पडतात ते काढले. न खचलेल्यांना सरासरी 34 शिलिंग, मन मारून राहिलेल्यांना 30, हताशांना 25 आणि हातपाय गाळलेल्यांना 19.

या चार आकड्यांपाशी थांबले पाहिजे. आशा आणि निराशा यांतले अंतर, ज्याला आपण वृत्तीचा, संस्कारांचा, ईश्वरनिष्ठेचा फरक म्हणतो, ते तिथे महिन्याकाठी पंधरा शिलिंगांचे होते. यावर कोणी म्हणेल, कारण आणि परिणाम उलटे असतील. जे मुळातच ढिले, तेच कमी मिळवत असतील. एरवी ही शंका योग्य ठरली असती. पण मारियनथालमध्ये मिळवायला काही उरलेच नव्हते. घरात किती पैसे येणार हे मुख्यतः पूर्वीची मजुरी, घरातली माणसे आणि भत्त्याचे किती आठवडे उरलेत यावर ठरे. हे नियम माणसाचा स्वभाव पाहून केलेले नव्हते. एखाद्याची मुदत मार्चमध्ये संपली आणि शेजाऱ्याची ऑगस्टमध्ये, यात कोणाचाही सद्गुण नव्हता. मुदती संपत जातील तशी कुटुंबे एकेक पायरी खाली घसरतील, असे अभ्यासकांना दिसत होते. तेव्हा मोडून पडलेल्या माणसापुढे त्याच्या अश्रद्धेचा उच्चार करणे हे चुकीचे निदान आहे. चुकीच्या निदानाने रोगी तर बरा होत नाहीच, वर दुखण्याचा दोषही त्याच्याच माथी येतो.

याला एक आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो आणि तो वजनदार आहे. संतांना कुठे पगार होता? तुकोबांचे दुष्काळात दिवाळे निघाले, घरातली माणसे गेली, आणि तरीही, किंबहुना त्यातूनच, ते उभे राहिले. दारिद्र्य आणि रिकामपण ही परमार्थाची दारे असू शकतात, हे मी नाकारत नाही. पण परंपरा तुकोबांबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. सावकारीची कर्जखते निम्मी भावाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. म्हणजे सोडायला त्यांच्या हातात काहीतरी होते, आणि सोडण्याचा निर्णय त्यांचा होता. वैराग्याला हा निर्णय लागतो. ज्याच्या हातून सारे काढून घेतले आहे, त्याच्या रिकाम्या हाताला वैराग्य म्हणणे हा वैराग्याचाही अपमान आहे. शिवाय संन्याशाचा दिवस अगदी नेमाने बांधलेला असतो. स्नान, जप, भिक्षा, पाठ, प्रत्येकाची वेळ ठरलेली. मारियनथालच्या पुरुषांचे नेमके उलट झाले होते. बहुतेकांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले होते. रस्त्याने चालताना ते सावकाश चालत, वारंवार थांबत. सकाळपासून काय केले असे विचारले तर दोन-तीन गोष्टींपलीकडे त्यांना आठवत नसे. वाचनालयाची वर्गणी माफ केली, वेळ तर भरपूर, तरी 1929 ते 1931 या काळात पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आठवड्याची लय, रविवारचे वेगळेपण, हेही पुसट झाले होते. त्याच्या जागी भत्ता मिळण्याचा पंधरवडा आला होता. भत्ता बंद झाला की वेळेची ती शेवटची खूणही जाई. सक्तीच्या रिकामपणातून चिंतन उगवते असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. (बायकांची गोष्ट निराळी होती. त्यांचा दिवस पूर्वीइतकाच भरलेला होता, थोड्या पैशांत घर भागवताना आणखीच ओढाताण होत होती, आणि रस्त्यावर त्या पुरुषांपेक्षा भराभर चालत. बेकारी घरातल्या सगळ्यांना सारखी रिकामी करत नाही.)

दुसरा आक्षेप गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला. देण्याघेण्याचे चक्र जो पुढे चालवत नाही आणि नुसता उपभोग घेतो, त्याचे जगणे व्यर्थ, असा तिथला निर्वाळा आहे. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलही असाच नियम घालून देतो: ज्याला काम करायचे नाही, त्याने खाऊही नये. 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेने तर देवाला वगळून तोच नियम कलमात बसवला. इतक्या निरनिराळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट सांगितली जाते, तेव्हा तिच्यात तथ्य असणारच. पण पौलाचा रोख काम करायला तयार नसणाऱ्यावर आहे, आणि गीतेतला दोष चक्र चालवण्याचे नाकारणाऱ्याचा आहे. ज्याला चक्रावरून खाली ढकलले, त्याच्यावर हे वचन रोखणे हा ग्रंथाचा दुरुपयोग आहे. मारियनथालमध्ये तर चक्र चालवू पाहणाऱ्यालाच शिक्षा होत होती. सरपणाच्या बदल्यात झाडे तोडायला मदत केली म्हणून, हार्मोनिका वाजवून चार पैसे मिळवले म्हणून, दूध पोचवून मुलांपुरते दूध घरी आणले म्हणून लोकांचा भत्ता बंद झाल्याच्या नोंदी त्या अभ्यासात आहेत. एका हाताने दिलेल्या अन्नाची किंमत म्हणून दुसऱ्या हाताने माणसाचे उपयोगी पडणेच काढून घ्यायचे, असा तो व्यवहार होता.

इथे ख्रिस्ती परंपरेतलाच एक दाखला पौलाच्या पत्राशेजारी ठेवावा लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून चार-पाच वेळा बाजारात जाऊन मजूर आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना त्याला आणखी काही माणसे उभी दिसतात. दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो, तेव्हा ती सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. मालक त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. या गोष्टीचा अर्थ बहुधा देवाच्या कृपेकडे नेला जातो. तो अर्थ चूक नाही, पण त्या घाईत साधी गोष्ट निसटते. मालक त्यांचे म्हणणे खरे मानतो. आळशी असाल, सकाळी झोपला असाल, असे तो म्हणत नाही. आणि तो फक्त पैसे देत नाही, आधी मळ्यात पाठवतो, एका तासापुरते का होईना. भाकरी कामाच्या मापाने मोजायची नाही आणि तरी माणसाला कामाविना ठेवायचे नाही, ही दोन्ही बाजूंची मागणी तो एकदम पूर्ण करतो. इंग्रज लेखक रस्किनने 1860 साली आपल्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांना याच दाखल्यातून नाव दिले. 1904 साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि पुढे गुजरातीत त्याचे सार ‘सर्वोदय’ या नावाने लिहिले.

माझे म्हणणे या दुहेरी मागणीतच आहे. माणसाचा अन्नावरचा हक्क त्याच्या उपयोगाच्या आधीचा आहे, आणि कोणाला तरी आपली गरज असणे ही अन्नाइतकीच खरी भूक आहे. यातली पहिली गोष्ट सोडून दुसरीवर प्रवचन करणे निष्ठुर आहे. दुसरी सोडून फक्त पहिली भागवली, तर माणूस जगतो पण आतून विझत जातो. मारियनथालच्या वाफ्यांत ही दुसरी भूक दिसते. घरोघरी बटाटे कमी पडत असताना लोकांनी भाजीच्या जमिनीत फुलझाडेही लावली होती. याहोडांनी पुढे 1982 साली लिहिलेल्या पुस्तकात नोकरी पगाराशिवाय काय देते ते मांडले: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामायिक उद्दिष्टात वाटा, समाजात एक स्थान, हाताला नित्याचा उद्योग. ही यादी वाचली की मंदिर, चर्च, मशीद, भजनी मंडळ, दिंडी आजवर माणसाला काय देत आली तेही लख्ख दिसते. एकादशी, काकडा, पालखीतली ठरलेली जागा, वीणा कोणी धरायचा याची पाळी, या साऱ्यांत माणसाचे स्थान त्याच्या मिळकतीवर ठरत नाही. धर्मसंस्थेजवळ बेकार माणसाला देण्याजोगे असे काही खरोखर आहे, आणि ते उपदेशापेक्षा मोलाचे आहे. पण भत्ता संपलेला माणूस दिंडीत चालायला येतो तो घरी चूल पेटलेली असेल तरच.

राहिला सर्वांत प्रचलित आक्षेप, की फुकट दिले की माणूस आळशी होतो. अमेरिकेत 2008 नंतरच्या मंदीत भत्त्याची मुदत काही राज्यांत 99 आठवड्यांपर्यंत वाढवली होती, तेव्हा हाच वाद पेटला. जेसी रॉथस्टीन या अर्थतज्ज्ञाने 2011 मध्ये त्या वाढीचा परिणाम मोजला. बेकारीच्या दरात त्या वाढीने पडलेली भर टक्क्याच्या दहाव्या हिश्शापासून फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत होती. त्यातलाही बराच भाग असा, की भत्ता चालू असल्याने लोकांनी कामाचा शोध सोडला नाही आणि म्हणून ते बेकारांत मोजले गेले. डिसेंबर 2013 मध्ये ही केंद्रीय योजना बंद पडली आणि सुमारे 13 लाख लोकांचा भत्ता एका आठवड्यात थांबला. या सगळ्यांना अचानक काम मिळाले असे काही घडले नाही. आधार काढल्याने माणूस कामाकडे धावतो हे काहींच्या बाबतीत खरे असेल. पण अनेकांच्या बाबतीत तो शोधणेच सोडतो. मारियनथालमध्ये हातपाय गाळलेले लोक सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्यांत होते, सर्वांत जास्त मिळणाऱ्यांत नव्हते.

कुटुंबाने सांभाळावे, सरकार कशाला, असेही आपल्याकडे म्हटले जाते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतले असंख्य पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्यांना भत्त्याची पायरीच नव्हती. सांभाळले ते कुटुंबांनीच, म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, डबे भरणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी आणि कोकणातल्या, घाटावरच्या तुटपुंज्या शेतांनी. हे कुटुंबव्यवस्थेचे यश म्हणून सांगताना तो भार कोणाच्या पाठीवर पडला तेही सांगायला हवे.

आणि पैसे कुठून येणार, या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा उत्तर दिले आहे. गांधीविचारांचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. तो भत्ता दिवसाला एक रुपया होता, इतका कमी की त्यावर कोणाचे घर चालणे शक्य नव्हते. पण योजनेसाठीचा पैसा उभा करण्याची रीत मला आजही महत्त्वाची वाटते. 1975 च्या कायद्याने नोकरी-व्यवसाय करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला गेला. त्याचे उत्पन्न या हमीसाठी आणि सरकारची तेवढीच भर त्यावर. ज्यांना सकाळीच मळ्यात काम मिळाले, त्यांच्या मजुरीतला थोडा वाटा संध्याकाळपर्यंत बाजारात उभ्या राहिलेल्यांकडे वळवला गेला. शहरातला पगारदार आजही दरमहा तो कर भरतो, आणि त्याच्या शहरात वर्षभर काम शोधून थकलेल्या माणसाला त्या हमीखाली काही मागता येत नाही. ती ग्रामीण अंगमेहनतीपुरती आहे. तिची हद्द शहरापर्यंत वाढवावी आणि भत्ता जगण्यापुरता करावा. भत्ता घेणाऱ्याने शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात किंवा देवळाच्या अन्नछत्रात हात लावला, तर त्याचा भत्ता तोडला जाणार नाही, असे नियमातच लिहावे.